तिथीची पाऊणपट आणि पंधरा सेकंद

एका यंत्राने दुसऱ्या यंत्राला प्रश्न विचारला आणि उत्तर आलं नाही, तर किती सेकंदांनी आशा सोडायची, हे ठरवणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. बोईसरला राहून तारापूरच्या कारखान्यांत आणि आसपासच्या पाणी योजनांवर मी तो एकवीस वर्षं केला. सासरी हे काम कुणालाच समजलं नाही. लग्नकार्यात दीर माझी ओळख करून देत, "वहिनी मोडेममध्ये असतात," आणि समोरचा माणूस, मोडेम नेमकं कुठल्या तालुक्यात येतं, असा चेहरा करून मान हलवी.

खरं तर समजायला अवघड काही नाही. पंप, झडपा, मोटारी चालू-बंद करणारा एक डबा असतो. त्याला कंट्रोलर म्हणतात. असे दोन डबे एकमेकांपासून लांब असले की मध्ये मोडेम लागतो. त्यात आपल्या फोनसारखंच सिमकार्ड असतं. एक डबा विचारतो, दुसरा सांगतो. उत्तर आलं नाही की विचारणाऱ्यापुढे पेच पडतो: अजून थांबावं, की पलीकडचा गेला असं समजून पुढचं पाहावं? फार कमी थांबला तर तो जिवंत माणसाचं सुतक पाळतो. फार जास्त थांबला तर मेलेल्याशी गप्पा मारत बसतो. मधला आकडा शोधायचा. त्या आकड्याला टाइमआउट म्हणतात.

तारापूरच्या एका रसायन कारखान्याच्या मालकांना हा सगळा प्रकार अपमानकारक वाटला होता.

"मॅडम, ये वेटिंग-फेटिंग हमको नहीं चाहिए. झीरो रखो."

मी सांगितलं की या बनावटीच्या कंट्रोलरमध्ये शून्याचा अर्थ उलटा आहे. शून्य म्हणजे कायम थांब.

त्यांनी विचार केला. "मतलब एरर कभी नहीं दिखाएगा?"

"नाही दाखवणार."

"तो अच्छा है ना! घर में मैं भी तीस साल से झीरो पे ही हूँ."

मी वीस सेकंद ठेवले आणि डब्यावर शून्याची चिठ्ठी चिकटवली. त्यानंतर भेटतील तिथे ते माझ्या शून्याचं कौतुक करत.

डिप्लोमा होऊनही नोकरी नव्हती, त्या काळात मी दोन वर्षं पालघरच्या एका साप्ताहिकात बातम्या लिहिल्या. संपादकांचा नियम असा: आधी वेळ, मग ठिकाण, मग माणूस, आणि शेवटी कारण. 'दुपारच्या सुमारास' असं लिहिलं की कागद परत यायचा. "सुमार कुणाचा? घड्याळाचा की तुमचा?" असं ते विचारत. वेळ लिहायची सवय माझ्या अंगात भिनली. कारण लिहायची मात्र तितकीशी भिनली नाही. पुढे एका माणसाची नोकरी जाण्याची वेळ आली ती या दुसऱ्या गोष्टीमुळे, आणि वाचली ती पहिलीमुळे. दोन्ही लिहिते. योजनेचं नाव आणि साल सोडते.

मासवणजवळ नदीकाठी एक पंपघर. तिथून जमिनीखालून पाइप किनाऱ्याकडे गेलेला. दुसऱ्या टोकाला, एडवणच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक टाकी. या टाकीतून किनाऱ्यावरच्या वस्त्यांना पाणी सुटे. पंप सकाळी सुरू होई, संध्याकाळी बंद. आता मासवणच्या पंपाला एडवणची टाकी दिसत नाही. मध्ये सबंध तालुका आडवा पडलेला. म्हणून पंपघरात एक कंट्रोलर, टाकीवर एक, आणि दोघांमध्ये मोडेम. दर मिनिटाला पंपघर विचारी, "पाणी किती?" टाकी सांगे. भरत आली की पंप थांबे. टाकीकडून उत्तरच आलं नाही, तर आपण आंधळेपणाने पाणी ढकलतो आहोत हे ओळखूनही पंप थांबे. तसा थांबल्यावर तो आपला आपण सुरू होत नसे. माणसाने पाहून, खात्री करून, बटण दाबायचं. ही सगळी रचना माझी होती.

चाचणी आषाढात झाली. मी टाइमआउट ठेवला दहा मिनिटं. कशावरून दहा, तर दहा हा आकडा दिसायला समजूतदार असतो. तिसऱ्या दिवशी टाकीवरच्या मोडेमची तार सैल झाली. टाकी गप्प, पंप दहा मिनिटं तिच्या उत्तराची वाट पाहत पाणी ढकलतो आहे. टाकी भरली, सांडली, आणि पाणी टेकाडावरून उतरून थेट हिराबाईंच्या घरात गेलं.

हिराबाई साठीच्या. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या घरातल्या. नवऱ्याची होडी, यांच्याकडे सुकवणं आणि विकणं. मी पोहोचले तेव्हा त्या ओट्यावर पदर खोचून उभ्या होत्या आणि आळीतल्या बाकीच्या बायका कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत होत्या.

"ये बाय, ये. तुजी टाकी आली माज्या ओट्यावर. तिला आता जेवायला वाढू काय?"

मी म्हटलं, "मावशी, चूक झाली."

"चूक? वरसाचा सुका जवला व्हता डब्यात. आता गेला तो परत समिंदरात, पोहायला. मोठा होऊन येल तवा तुला कळवते!"

आळी हसली. मी त्याच दुपारी मासवणला जाऊन टाइमआउट तीन सेकंदांवर आणला. तीन सेकंद थांबायचं, पुन्हा एकदा विचारायचं, तरी उत्तर नाही तर पंप बंद. टाकी सांडायला खरोखर किती वेळ लागतो, हे मी तेव्हाही मोजलं नाही. दहा मिनिटं आळसाने ठेवली होती, तीन सेकंद भीतीने ठेवले. टाकीचं उत्तर एरवी सेकंदा-दीड सेकंदात येई, त्यामुळे तीनमध्ये काम चोख चाललं. काही आठवडे एकही तक्रार नाही. मी स्वतःवर खूश.

मग नारळी पौर्णिमा झाली. किनाऱ्यावरच्या होड्या समुद्रात गेल्या. मासवणच्या पंपघराला याचं काही सुखदुःख असण्याचं कारण नव्हतं.

पंपघर सांभाळायला जानू होता. पलीकडच्या पाड्यावरचा, तिशीतला, कंत्राटावरचा ऑपरेटर. पंपघराच्या मागेच त्याचा भाताचा तुकडा. आधीची सगळी वर्षं भात कापून झालं की तो बायको आणि दोन मुलींना घेऊन वीटभट्टीवर जायचा आणि पाऊस तोंडावर आला की परतायचा. मुलींची शाळा प्रत्येक वर्षी अर्ध्यावर तुटे. पंपघराचं काम लागल्यावर घर पहिल्यांदाच जागेवर राहणार होतं. थोरली तिसरीत होती आणि बापाला पंपघरातल्या पाट्या वाचून दाखवायची.

होड्या गेल्यानंतर पंप रोज एकदा बंद पडू लागला. लाल दिवा लागे. जानू बघे, ठरलेली दहा मिनिटं मोटार थंड होऊ देई, बटण दाबे, दिवा विझे, पंप सुरू. वहीत दोन वेळा पडत: बंद, सुरू. कंट्रोलरच्या पडद्यावरही दोनच वेळा. का बंद पडला, हे साठवायची सोय मी केलीच नव्हती. वेळ होती, ठिकाण होतं, माणूस होता. कारण नव्हतं. माझ्या संपादकांनी असा कागद तोंडावर फेकला असता.

शेवटच्या वस्त्यांना पाणी कमी पडू लागलं. योजनेचे उपअभियंता वही घेऊन बसले. साहेब हुशार होते. त्यांचा तर्क ऐकून मलाही तो पटला.

"मॅडम, पंप रोज बंद पडतो, पण रोज वेगळ्या वेळेला. कधी दहा, कधी एक, कधी तीन. यंत्र असं वेळ बदलून बिघडत नाही. वेळ बदलतो माणूस." त्यांनी खिडकीतून मागच्या तुकड्याकडे बोट केलं. भात पिवळं पडायला लागलं होतं. "मागे शेत. कधी खायला जातो, कधी राखणीला. जाताना बटण दाबतो. सरळ आहे."

"मी नाय बंद करत, साहेब," जानू म्हणाला. "तो आपलाआप बंद होतो."

"आपलाआप? का?"

"याला तिकडून कोण बोलत नाय. मग हा रुसतो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघे हसलो. या प्रकरणातला सगळ्यात अचूक तांत्रिक अहवाल तो होता, हे मला नंतर कळलं.

मी तीनदा तपासायला गेले. तिन्ही वेळा सकाळी अकराला, कारण बोईसरहून निघून अकराला पोहोचणं सोयीचं. तिन्ही वेळा टाकी सेकंदात उत्तर देत होती. मी अहवाल लिहिला: 'संपर्क व्यवस्था सुस्थितीत.' तीन शब्द. या तीन शब्दांचा अर्थ असा होता की दोष जानूचा. साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारपासून एक आठवडा पाहू, नाहीतर त्यापुढच्या सोमवारी दुसरा माणूस.

मी गाडीत बसताना जानू दारात आला.

"ताई, तुमी आलात की तो चालतो. तुमी गेलात की बंद होतो."

"तसं दिसतंय खरं."

"मग तुमीच हितं रावा की."

त्याने हे चेष्टेत म्हटलं की रागाने, ते कळलं नाही. पण सोमवारी मी आमचा वायरमन यादव आणि एक वही घेऊन मासवणला गेले आणि सकाळपासून पॅनलसमोर खुर्ची टाकून बसले.

सोमवारी बारा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी पंप थांबला. जानू तेव्हा माझ्या शेजारी बसून भाकर खात होता. त्याचे दोन्ही हात भाकरीवर होते. मी ते वहीत लिहिलं.

मंगळवारी एक वाजून सव्वीस मिनिटं. बुधवारी दोन वाजून एकोणीस मिनिटं. दोन्ही वेळा, पंप बंद असेपर्यंत, पडदा सांगत होता की टाकी बोलत नाही. दहाएक मिनिटांनी ती पुन्हा बोलायला लागली, जणू मधे काही झालंच नाही.

"मॅडम, भूत है," यादव म्हणाला. "लेकिन टाइम का पक्का नहीं है. रोज पौन घंटा लेट तो हमारे गाँव की बस आती है."

पौन घंटा. मी वजाबाकी केली. कमी-जास्त धरून रोज पाऊण तास पुढे. साहेबांचं म्हणणं बरोबर होतं, यंत्र असं करत नाही. पण माणूसही असं करत नाही. कुठला माणूस रोज शिस्तीत पाऊण तास उशिरा जेवतो?

गुरुवारी आम्ही टाकी तपासायला एडवणला गेलो. वाट हिराबाईंच्या अंगणातूनच जाते. त्या वलांडीवर, म्हणजे काठ्यांच्या आडव्या मांडणीवर, बोंबील टांगत होत्या. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी काठीवर सोडायची. हात चालूच ठेवून त्यांनी मान वळवली.

"आलीस? आज काय काय बुडवायचं हाय?"

"काही नाही मावशी. टाकी मधूनच गप्प बसते. कधी बसते ते लिहून आणलंय."

"वाच."

"सोमवारी पाऊणला. मंगळवारी दीडला थोडं कमी. काल सव्वादोनला."

हिराबाईंनी बोंबील अडकवला. "आन आज तीनला."

मी वही मिटली. "तुम्हाला कसं कळलं?"

"आज पाचवी. पाच पाऊणे?"

शाळेत पाऊणकी पाठ केली होती, पण ती अशी अंगणात कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "पावणेचार."

"पावणेचारला भरती. होड्या तेच्या पाऊण तास आदी दिसाया लागतात. तीनला." त्यांनी दुसरा बोंबील उचलला आणि मग एकदम हात थांबवून त्या इतक्या जोरात हसल्या की वलांडी हलली. "अग बाय! तू माज्या घोवाचा यायचा टायम लिवून आणलास, आन मलाच वाचून दावतेस?"

जे किनाऱ्यावर राहत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. दुजेला दीड, चौथीला तीन, सहावीला साडेचार. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. खाडीच्या तोंडावर पाणी चढल्याशिवाय होडी आत येत नाही, म्हणून होड्याही रोज पाऊण तास पुढे सरकतात. हे एडवणला शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मला डिप्लोमा होता.

तीन वाजायच्या आधी आम्ही टाकीवर चढलो. समुद्रात ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांच्या होड्या झाल्या. आणि मग गावात फोन वाजायला लागले. एक वाजला, चार वाजले, मग मोजता येईनात. दिवसभर समुद्रात मुका राहिलेला प्रत्येक फोन टॉवरच्या टप्प्यात आल्याबरोबर बोलत सुटला होता. बर्फ सांग. टेम्पो सांग. डबा पाठव. गावातून उलटे फोन: किती मिळालं? खालच्या आळीत एक बाई फोनवर ओरडून सांगत होती, "कोलंबी हाय? किती? थांब, कुनाला सांगू नको!" आणि सबंध किनारा ते ऐकत होता. हिराबाईंचाही फोन वाजला. नवऱ्याला त्या म्हणाल्या, "लवकर या, तुमच्या पायी मासवणचा पंप बंद पडतो!"

मी जानूला फोन लावला. लागला नाही. यादवने लावला. लागला नाही.

"सब लाइन में हैं, मॅडम," यादव म्हणाला.

टाकीवरच्या मोडेमचा दिवा लुकलुकत होता. मासवणने प्रश्न विचारला होता, टाकीचं उत्तर तयार होतं, पण वाट मोकळी नव्हती. गावात टॉवर एकच, आणि जुना. जुन्या टॉवरचा नियम असा की बोलणाऱ्या माणसाला आधी जागा. यंत्रांचा मजकूर उरलेल्या फटीतून जातो. इतकी माणसं एकदम कोलंबीबद्दल बोलत असताना फट उरत नाही. टाकीचं उत्तर रांगेत उभं. आणि तिकडे मासवणला माझे तीन सेकंद संपत होते.

मी चाचणी आषाढात घेतली होती. होड्या तेव्हा किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होत्या आणि त्यांचे धनी घरात, बायकांच्या समोर, फोन करायची गरज नसलेले. टॉवर रिकामा होता. मी रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली आणि बाजाराच्या दिवशी ती चालवायला जानूला दिली.

पंप पुन्हा सुरू झाल्यावर यादव घड्याळ घेऊन टाकीच्या काठावर बसला. जे मी आषाढात करायला हवं होतं ते आम्ही तेव्हा केलं: वरच्या खुणेपासून सांडेपर्यंत किती वेळ? चार मिनिटं. म्हणजे माझी दहा मिनिटं अडीचपट चुकली होती आणि तीन सेकंद किती पट, ते मी मोजत बसले नाही.

आकडा त्याच दिवशी मासवणला जाऊन बदलता आला असता. पण मग पंप बंद पडणं थांबलं असतं आणि साहेब म्हणाले असते, बघा, नोकरी जाते म्हटल्यावर जानू सुधारला. ते त्यांच्या तर्कात चपखल बसत होतं. तेव्हा आकडा बदलण्याआधी त्यांच्यासमोर एकदा तरी पंप बंद पडायला हवा होता, आणि कधी पडणार ते आधी सांगायला हवं होतं. मी साहेबांना शनिवारी मासवणला बोलावलं.

निघताना हिराबाईंना विचारलं. शनिवारी सातवी.

"सात पाऊणे सव्वापाच," मी स्वतःहून म्हटलं. "म्हणजे होड्या साडेचारला."

"हुशार झालीस. पन सातम-आठम भांगाची, उधान नाय. भांगाचं पानी आलशी, चढता चढत नाय. होड्या भायेर घुटमळतील. पावनेपाच धर."

"नक्की?"

"मी चुकले तर माजा जवला तुला माफ."

शनिवारी चार वाजता पंपघरात साहेब, जानू आणि मी. यादव एडवणला हिराबाईंच्या ओट्यावर. होड्या दिसल्या की त्याने फोन करायचा. मी एका कागदावर 'पावणेपाच' लिहून तो साहेबांच्या हातात दिला.

साहेबांनी कागद पाहिला, घडी घातली. "जानू, पॅनलपासून दहा पावलं लांब उभा राहा. आणि हात वर."

"वर म्हंजे?"

"वर म्हणजे वर. दिसले पाहिजेत."

जानूने हात वर केले. दारातून कुणी पाहिलं असतं तर पंपघरावर दरोडा पडला असं समजून पळालं असतं.

साडेचार वाजले. पंप चालू. साहेबांनी घड्याळ पाहिलं. चार छत्तीस. पंप मजेत. "मॅडम, तुमची भरती वाटेत अडकली का?"

"आज भांगाची आहे, साहेब."

"कशाची?"

"पाणी आळशी असतं."

साहेबांनी हे वहीत लिहिलं नाही. चार चाळीस. यादवचा फोन नाही. माझा चुकीचा अंदाज म्हणजे जानूचा सोमवार, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाही माहीत होतं. यादव कधी फोन विसरत नाही. होड्या आल्याच नाहीत की काय? आणि मग लक्षात आलं, होड्या आल्या असतील तर यादवचा फोन लागेलच कसा? फोन न येणं हीच बातमी होती. मला एकदम हसू फुटलं, ते दाबायला मी पदर तोंडाला लावला, आणि साहेबांना वाटलं मी रडते आहे.

"अहो मॅडम, एवढं मनाला..."

चार वाजून त्रेचाळीस मिनिटांनी पंप थांबला.

इतकी शांतता झाली की बाहेर नदी ऐकू आली. लाल दिवा. साहेबांनी पॅनल पाहिलं, मग जानूचे हात पाहिले, मग खिशातला कागद काढून पाहिला, मग पुन्हा जानूचे हात.

"साहेब, मी नाय," जानू म्हणाला.

"दिसतंय मला," साहेब म्हणाले.

मी लॅपटॉप जोडला. तीनच्या जागी पंधरा सेकंद. दोनदाच्या जागी सहा वेळा विचारणं. सगळं मिळून दीड मिनिट. सांडायला चार मिनिटं लागतात, तेव्हा हिराबाईंचा जवळा सुरक्षित. शिवाय बंद पडण्याचं कारण साठवायची सोय केली. ती करायला सहा मिनिटं लागली.

चार सत्तावन्नला साहेबांनी स्वतः बटण दाबलं. पंप सुरू झाला. होड्या अजून येतच होत्या. पाच वाजून चार मिनिटांनी पिवळा दिवा लागला: विचारलं आहे, उत्तर नाही. साहेब पॅनलला नाक लावून मोठ्याने मोजू लागले. तेरा, चौदा, पंधरा. दुसऱ्यांदा विचारलं. पंधरापर्यंत मोजून तिसऱ्यांदा. पंप चालूच. साहेबांचा आवाज चढत चालला होता. चौथ्या खेपेला नऊवर असताना हिरवा दिवा लागला. टाकीने सांगितलं, पाणी पाऊण टाकी. साहेबांनी टाळी वाजवली, आणि मग ती कुणी पाहिली का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

सव्वापाचला माझा फोन वाजला. यादव ओरडत होता. "मॅडम! मॅडम! होड़ी दिख गया!"

"कधी?"

"कब का दिख गया! आधे घंटे से लगा रहा हूँ, फोन ही नहीं लगता!"

मागून कुणीतरी फोन हिसकावला. "बाय, पडला काय बंद माज्या टायमाला?"

"पडला मावशी. दोन मिनिटं आधी."

"दोन मिंटं? बगते घरी आल्यावर. घाई करतात फार."

मी माझ्या जुन्या अहवालातले तीन शब्द खोडले, शेजारी 'टाइमआउट चुकीचा, चूक माझी' असं लिहून सही केली. साहेबांनी पंपघराची वही ओढली. शनिवारच्या ओळीत वेळ लिहिली, ठिकाण लिहिलं, आणि पुढे स्वतः पट्टीने एक नवा रकाना आखून त्यावर 'कारण' असं लिहिलं. पेन टेकवून बराच वेळ थांबले. मग लिहिलं: 'होड्या आल्या.'

"सोमवारी तो दुसरा माणूस यायचा होता," ते वही मिटत म्हणाले. "त्याला नको म्हणून कळवतो."

आम्ही सामान आवरलं. मी लॅपटॉप पिशवीत घातला, साहेबांनी चष्मा. दाराशी पोहोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"ताई, आता हात खाली घेऊ काय?"

जानू दहा पावलांवर तसाच उभा होता. थकलेले हात डोक्यावर टेकवले होते, पण वरच होते.

"अरे!" साहेब म्हणाले. "अजून वर?"

"खाली घे असं कोण बोललंच नाय," जानू म्हणाला.